'तत्रीज'ला कशिदा म्हणावं का?

पॅलेस्टिनी बायकांच्या पोशाखावरच्या लेखाचा अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं आहे: तिथल्या भरतकामाला 'ततरीझ' लिहू की सरळ 'कशिदा'? आणि 'थोब'ला, म्हणजे तिथल्या बायकांच्या भरतकाम केलेल्या पायघोळ पोशाखाला, 'झगा' चालेल का?

आधी लेखन. मूळ अरबी शब्दाच्या शेवटी 'आवाज'मधला ज आहे, त्यामुळे 'तत्रीज' असं लिहिलेलं बरं. इंग्रजी हिज्जे बघून 'टट्रीझ' लिहितात, ते टाळावं, कारण दोन्ही त दंत्यच आहेत. अर्थ साधा, 'भरतकाम'. गंमत म्हणजे चाल, धाटणी या अर्थाचा आपला 'तर्ज' याच धातूच्या कुळातला, फारसीवाटे आलेला. म्हणजे शब्द अगदीच परका नाही.

'कशिदा' मात्र मला नको वाटतो. तोही फारसी, 'ओढणे'वरून आलेला, पण तो वाचला की काश्मिरी शाल डोळ्यांपुढे येते. पहिल्यांदा 'तत्रीज हे पॅलेस्टिनी भरतकाम' असं लिहावं, पुढे नुसतं 'तत्रीज'. सगळ्या तत्रीजला 'क्रॉस स्टिच' म्हणणंही चूक. दुसुतीवर आपण घालतो तसा, धागे मोजून घातलेला फुलीचा टाका तिथे 'फल्लाही' म्हणून ओळखला जातो. फल्लाह म्हणजे शेतकरी. पण बेथलेहेमच्या 'तहरीरी'त रेशमाची किंवा जरीची दोरी कापडावर मांडून बारीक टाक्यांनी पक्की करतात. ते आपल्या जरदोजीच्या जवळ जातं.

'थोब' तसाच ठेवावा. शहरी पॅलेस्टिनी बोलीत तो 'तोब' असा ऐकू येतो. आखाती देशांत थोब म्हणजे पुरुषांचा पांढरा पायघोळ अंगरखा, म्हणून 'बायकांचा थोब' असं एकदा स्पष्ट करावं. 'झगा' म्हटलं की मराठी वाचकाला लहान मुलीचा फ्रॉक दिसतो, आणि छातीवरच्या भरगच्च भरलेल्या 'कब्बे'चा सगळा डौल जातो.

नक्षीची नावं मात्र अवश्य मराठीत आणावीत. 'पाशाचे तंबू' किती छान वाटतं! फक्त 'सरू' या झाडाच्या नक्षीपाशी जपून. आपला 'सुरू' हा त्याचाच भाऊ, पण कोकणात सुरू म्हणजे किनाऱ्यावरचं, वाऱ्यात सळसळणारं बन. थोबवरचं झाड म्हणजे सायप्रस (देश नव्हे, वृक्ष), उभं आणि शेंड्याकडे निमुळतं. इथे 'सायप्रस' हाच शब्द वापरावा.

गावांची नावं तर गाळूच नयेत. पूर्वी थोब पाहून बाई कुठली ते ओळखू येई. रामल्लाचा पांढऱ्या कापडावर लाल भरलेला वेगळा, गाझाचा मजदल या गावच्या मागांवर विणलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा वेगळा. १९८७ नंतरच्या इंतिफादात, म्हणजे उठावात, पॅलेस्टिनी झेंडा उघड फडकवायला बंदी असताना, बायकांनी झेंड्याचे रंग थोबवरच भरले. २०२१ साली युनेस्कोने ही कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा 'पारंपरिक पोशाख' एवढंच लिहून मोकळं होणं मला फार थिटं वाटतं. याफाजवळचं बेत दजन हे गाव भरतकामासाठी नावाजलेलं होतं. १९४८ साली ते ओस पडलं. मूळ लेखात 'बेत दजनचा थोब' असेल, तर अनुवादातही तो बेत दजनचाच राहू दे.