घरातल्या स्पीकरसाठी ॲम्प्लिफायर किती शक्तीचा असावा?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरच्या निवडीबद्दलचे प्रश्न सर्वाधिक होते. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्रातील अडचण अनेकांची असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आमचा हॉल सुमारे १२ बाय १५ फुटांचा असून बसण्याची जागा स्पीकरपासून तीन मीटरवर आहे. अलीकडेच मी जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर घेतले. त्यांच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता ८६ डेसिबल, इम्पीडन्स ४ ओहम आणि ‘शिफारस २५ ते २०० वॉट’ असे छापले आहे. सध्या ते सात चॅनेलच्या, प्रत्येकी १०० वॉट लिहिलेल्या होम थिएटर रिसीव्हरला जोडले आहेत. विलंबित ख्याल चालू असेपर्यंत आवाज उत्तम वाटतो, पण द्रुत लयीत तबला चढला की सगळेच कर्कश आणि दाटल्यासारखे ऐकू येते. दुकानदार २०० वॉटचा ॲम्प्लिफायर घ्या म्हणतात, तर मित्रांच्या मते एवढ्या शक्तीने स्पीकर जळतील. मी काय करावे? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती १०० किंवा २०० वॉट ही नसून ८६ डेसिबल आणि ४ ओहम ही आहे. पहिला आकडा, संवेदनशीलता, ठरावीक व्होल्टेजला स्पीकर किती मोठा वाजतो ते सांगतो; दुसरा, इम्पीडन्स, म्हणजे स्पीकर विद्युतप्रवाहाला करतो तो अडथळा. ॲम्प्लिफायरची निवड नेहमी स्पीकरपासून सुरू करावी.

संवेदनशीलतेचा आकडा बहुधा स्पीकरला २.८३ व्होल्ट देऊन एक मीटर अंतरावर मोजलेला असतो. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॉट, पण ४ ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढ्याच व्होल्टेजला दोन वॉट खर्ची पडतात. म्हणजे आपला स्पीकर एका वॉटला प्रत्यक्षात ८३ डेसिबलच देतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे ही घट कमी होते, त्यामुळे आपल्या हॉलमध्ये तीन मीटरवर साधारण ६ डेसिबलची घट धरू आणि दोन स्पीकर एकत्र वाजतात म्हणून ३ डेसिबल परत मिळवू. हिशेब ८० डेसिबलवर येतो. याचा अर्थ असा, की प्रत्येक स्पीकरला एक वॉट मिळाला तरी आपल्या खुर्चीवर सरासरी ८० डेसिबल आवाज पोहोचतो आणि फ्लॅटमध्ये तो भरपूर आहे. पत्रात लिहिलेला विलंबित ख्याल सुरळीत वाजतो याचे कारण हेच आहे. त्या वेळी आपला रिसीव्हर जेमतेम एखाद-दुसरा वॉट देत असतो.

अडचण तबल्याची आहे. चाटीवर बसलेल्या आघाताचा पहिला क्षण हा सरासरी पातळीच्या कितीतरी वर उसळतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने तो फार दाबला नसेल, तर ही उसळी १५ ते २० डेसिबलची सहज असते. आता डेसिबलचे गणित असे आहे, की ३ डेसिबल वाढीसाठी शक्ती दुप्पट, १० डेसिबलसाठी दहापट आणि २० डेसिबलसाठी शंभरपट लागते. एका वॉटवर शांतपणे चाललेल्या मैफिलीत त्या एका क्षणापुरते १०० वॉट लागतात आणि तेही ४ ओहमवर. मोठ्या शक्तीचा ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजासाठी घ्यायचा नसतो. तो या क्षणांसाठी घ्यायचा असतो. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात पुढच्या रांगांत बसून तबला ऐकलेल्या माणसाला घरी काय हरवते ते लगेच कळते. तबल्याची धार बोथट झाली, की लयीची सगळी गंमतच जाते.

मग प्रत्येकी १०० वॉट लिहिलेल्या रिसीव्हरला हे का जमत नाही? तो आकडा कसा मोजला आहे ते पाहिले पाहिजे. अनेक रिसीव्हरची ठळक छापलेली शक्ती एकच चॅनेल चालवून, ६ ओहमवर, केवळ एक किलोहर्ट्‌झच्या सुरावर आणि कधी कधी १० टक्के विरूपण (मूळ ध्वनीत नसलेली भेसळ) होईपर्यंत मोजलेली असते. १० टक्के विरूपण म्हणजे संगीत केव्हाच बिघडलेले असते. दोन चॅनेल एकदम, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, ८ ओहम आणि ०.१ टक्क्याच्या आत विरूपण अशी अट असलेला आकडा माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत असतो आणि विश्वास त्यावरच ठेवावा. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या म्युझिक सिस्टिमवर ‘पीएमपीओ’ (क्षणिक शिखरशक्ती) म्हणून हजार-दोन हजार वॉटचे आकडे छापलेले असत, हे अनेकांना आठवत असेल. अमेरिकेत असल्याच फुगवट्याला आळा घालण्यासाठी तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच नियम केला आणि शक्ती कोणत्या लोडवर (म्हणजे किती ओहमवर), कोणत्या वारंवारितांमध्ये व किती विरूपणासह मिळते हे सांगणे बंधनकारक केले.

दुसरे कारण विद्युतप्रवाहाचे आहे. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २०० वॉट पोहोचवायचे तर सुमारे २८ व्होल्ट आणि ७ अँपिअर लागतात, शिखरावर १० अँपिअर. त्यातही ‘४ ओहम’ हा नाममात्र आकडा आहे. स्पीकरचा इम्पीडन्स वारंवारितेनुसार बदलतो आणि मोठ्या स्पीकरमध्ये तो खर्जाच्या आसपास ३ ओहमपर्यंत उतरणे मुळीच दुर्मीळ नाही. तेव्हा त्याच व्होल्टेजला शिखरप्रवाह १३ अँपिअरच्या वर जातो. सात चॅनेल एका मध्यम ट्रान्सफॉर्मरवर चालवणाऱ्या रिसीव्हरकडून ही अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. काही रिसीव्हरच्या मेनूमध्ये ४ ओहमची सोय दिलेली असते, पण ती निवडल्यावर बहुधा आतले व्होल्टेजच कमी केले जाते, म्हणजे यंत्र थंड राहते आणि शक्ती आणखी घटते. आपण ती निवडली असेल तर हेही तपासून पाहा.

म्हणून माझा सल्ला असा, की आपण ८ ओहमवर ८० ते १०० वॉट आणि ४ ओहमवर १५० ते २०० वॉट देणारा, दोनच चॅनेलचा स्टीरिओ ॲम्प्लिफायर घ्यावा. ४ ओहमवरचा आकडा ८ ओहमवरच्या आकड्याच्या जितका दुपटीजवळ, तितका त्याचा वीजपुरवठा भक्कम समजावा. ज्या माहितीपत्रकात ४ ओहमचा आकडाच नाही, तो ॲम्प्लिफायर आपल्या स्पीकरसाठी विचारातून वगळलेला बरा. वीजपुरवठ्याचे काम इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखे असते : ट्रान्सफॉर्मर सावकाश भरत राहतो आणि एकदम मागणी आली की साठा कपॅसिटरमधून मिळतो. आपल्या गरजेसाठी ४०० ते ५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचे एकक) ट्रान्सफॉर्मर आणि पुरवठ्याच्या प्रत्येक बाजूला किमान १०,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असलेले यंत्र पुरेसे आहे. पारंपरिक वीजपुरवठा असलेले असे यंत्र दहा किलोच्या आसपास किंवा त्याहून जड भरते, त्यामुळे दुकानात ते उचलून पाहण्यात संकोच करू नये.

केवळ वॉटच्या आकड्यावरून निवड करू नये याचे जुने आणि चांगले उदाहरण म्हणजे १९७८ साली आलेला एनएडी ३०२०. त्याची अधिकृत शक्ती प्रत्येक चॅनेलला केवळ २० वॉट होती, पण कमी इम्पीडन्सच्या स्पीकरना तो क्षणभर त्याहून पुष्कळ अधिक देऊ शकत असे आणि म्हणूनच कागदावर मोठ्या असलेल्या अनेक ॲम्प्लिफायरपुढे तो टिकला. उलट, ६० वॉटऐवजी ८० वॉटचे मॉडेल घेण्यासाठी कोणी बरीच अधिक किंमत मागत असेल, तर तो फरक सव्वा डेसिबलचाच आहे हे लक्षात ठेवावे.

मित्रांची भीतीही समजून घेऊ. स्पीकर जळतो तो व्हॉइस कॉइल (स्पीकरचा पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) तापल्यामुळे, आणि तिला तापवते ती दीर्घकाळची सरासरी शक्ती, ॲम्प्लिफायरवर छापलेला आकडा नव्हे. आपण खुर्चीवर ८० डेसिबलवर ऐकत असाल, तर ॲम्प्लिफायर १०० वॉटचा असो वा ३०० वॉटचा, स्पीकरला सरासरी एकच वॉट जातो. लहान ॲम्प्लिफायर मात्र कुवतीबाहेर ताणला की त्याच्या तरंगाची शिखरे छाटली जातात, सरासरी शक्ती वाढते आणि छाटणीतून निर्माण झालेल्या उच्च स्वरांशांचा भार वरचे स्वर वाजवणाऱ्या नाजूक ट्विटरवर पडतो. आपण ऐकलेला कर्कशपणा हीच ती छाटणी असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून नवे यंत्र येईपर्यंत आवाज थोडा खाली ठेवावा. दुकानदारांचे २०० वॉट ४ ओहमवरचे असतील तर ते बरोबर सांगत आहेत. ८ ओहमवरचे असतील तर तोटा नाही, पण त्या खर्चाची गरजही नाही.

एक गोष्ट मोठ्या आकड्यांच्या नादात विसरली जाते. रात्री हळू आवाजात तानपुऱ्यासह आलाप ऐकताना ॲम्प्लिफायर वॉटच्या शतांश भागावर चालतो. एबी वर्गाच्या, म्हणजे तरंगाचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या ट्रान्झिस्टरकडे देणाऱ्या, ॲम्प्लिफायरमध्ये एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम सोपवले जाते त्या सांध्यावरचे विरूपण नेमके या पातळीवर जाणवते आणि तानपुऱ्याच्या झंकारातले बारीक स्वरांश मळकट होतात. म्हणून एका वॉटवरचे विरूपण आणि एका वॉटवरचे सिग्नल-नॉइज गुणोत्तर (संगीताच्या तुलनेत यंत्राची खरखर किती कमी ते सांगणारा आकडा) दिले असेल तर ते आवर्जून पाहावे. शक्य असल्यास विक्रेत्याकडून यंत्र एक-दोन दिवसांसाठी घरी मागून घ्यावे आणि आपल्याच स्पीकरवर, आधी एकल तबला आणि मग रात्री मंद आवाजात आलाप, असे ऐकावे.

प्रश्न : जुन्या बाजारात एक वजनदार जपानी ॲम्प्लिफायर पाहिला. मागे १०० व्होल्ट लिहिले आहे. तो घेणे शहाणपणाचे ठरेल का? — एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : ऐंशीच्या दशकातील चांगली जपानी यंत्रे आजही उत्तम वाजतात, पण १०० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टला थेट जोडल्यास ते त्याच क्षणी निकामी होईल. त्यासाठी ७५० ते १००० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. जपानमध्ये ५० आणि ६० हर्ट्‌झ असे दोन्ही पुरवठे असल्यामुळे तेथील ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्‌झवर सहसा त्रास देत नाहीत. अमेरिकेसाठी केवळ ६० हर्ट्‌झवर बनवलेले यंत्र मात्र ५० हर्ट्‌झवर अधिक तापू शकते आणि गुणगुणू शकते.

पैसे देण्यापूर्वी यंत्र चालू करून दाखवायला सांगावे. सुरू केल्यावर काही सेकंदांनी संरक्षक रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचचा) ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. स्पीकर न जोडता, दहा मिनिटे तापू देऊन, दोन्ही चॅनेलच्या स्पीकर टर्मिनलवरील डीसी (एकाच दिशेचे स्थिर) व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, १०० च्या वर गेले तर दुरुस्ती आलीच. फुगलेले कपॅसिटर, खरखरणारा व्हॉल्यूम आणि मध्येच गायब होणारा चॅनेल या गोष्टी दुरुस्त होतात, पण मूळ आउटपुट ट्रान्झिस्टर जळालेले यंत्र घेऊ नये. २एससी५२०० आणि २एसए१९४३ यांसारख्या लोकप्रिय ट्रान्झिस्टर-जोड्यांचे नकली नग बाजारात सर्रास मिळतात, मग अनेक वर्षांपूर्वी बंद झालेल्या क्रमांकांबद्दल तर बोलायलाच नको. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत सुटे भाग घेतानाही पावती देणाऱ्या, ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावेत.

प्रश्न : डी वर्गाचे ॲम्प्लिफायर लहान, थंड आणि स्वस्त असतात. मग जड एबी वर्गाचा का घ्यावा? तसेच घरच्या इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर चालवावा का? — एक वाचक, औंध

उत्तर : डी वर्गात ट्रान्झिस्टर अतिवेगाने पूर्ण चालू-पूर्ण बंद होत काम करतात, म्हणून यंत्र थंड राहते. या वर्गाबद्दलचा जुना आक्षेप आता बराचसा उरलेला नाही. सुरुवातीच्या अनेक यंत्रांत स्पीकरच्या इम्पीडन्सनुसार वरच्या स्वरांचा समतोल बदलत असे. हायपेक्स कंपनीच्या एनकोरसारख्या मोड्यूलमध्ये (तयार ॲम्प्लिफायर-पट्टीत) फीडबॅक, म्हणजे चूक सुधारण्यासाठी मागे नेलेला सिग्नल, आउटपुट फिल्टरच्या नंतर घेतल्यामुळे हा दोष जवळपास नाहीसा झाला आहे. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीला टेकलेला असताना, कमी तापणारे यंत्र हा खराखुरा फायदा आहे, कारण कपॅसिटरचे आयुष्य तापमानातील दर दहा अंशांच्या वाढीने साधारण निम्मे होते. एबी वर्गाचा घेतल्यास तो टीव्हीच्या बंद कपाटात मुळीच ठेवू नये, वरच्या बाजूला मोकळी जागा सोडावी. माझे मत तरीही एबी वर्गाकडे किंचित झुकते आणि ते केवळ दुरुस्तीमुळे : एबी वर्गातला बिघाड चांगला स्थानिक कारागीर सुटा भाग बदलून काढू शकतो, डी वर्गात बहुधा संपूर्ण मोड्यूल बदलावे लागते आणि ते पाच-सात वर्षांनी मिळेलच असे नाही.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असेल तर हरकत नाही, मात्र त्याची क्षमता पुरेशी हवी. स्क्वेअर वेव्हच्या (गुळगुळीत नव्हे, चौकोनी तरंगाची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर मोठे ट्रान्सफॉर्मर गुणगुणतात आणि तापतात, तेव्हा वीज गेल्यावर ॲम्प्लिफायर बंद ठेवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भिंतीतले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या वाड्यांत आणि इमारतींत ते अनेकदा नावापुरतेच असते.

प्रश्न : मोठ्या ॲम्प्लिफायरसाठी महागडी स्पीकर केबल आवश्यक आहे का? — एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नाही. २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.००७४ ओहम असतो. चार मीटर अंतरासाठी जाण्या-येण्याची आठ मीटर तार धरली तर तो ०.०६ ओहम भरतो आणि ४ ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे होणारी घट ०.१३ डेसिबलच्या आसपास असते. ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात डॅम्पिंग फॅक्टर (ॲम्प्लिफायर स्पीकरचा पडदा किती ताब्यात ठेवतो त्याचा आकडा) ५०० लिहिला असला तरी या तारेनंतर स्पीकरपाशी तो साठाच्या आतच उरतो आणि तेवढा पुरेसा आहे. दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या टोकांची जोडणी सारखी असल्याची खात्री करावी, कारण एका बाजूची उलट झाली तर खर्ज हरवतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी स्थिर राहत नाही.