शून्यावरचा तंबू

प्रिय,

तुझा क्रॉस-कोरिलेशनचा आलेख पाहिला. म्हणजे एक मालिका दुसरीवरून एकेक नोंद सरकवायची, प्रत्येक सरकण्याला (लॅगला) समोरासमोरच्या आकड्यांचे गुणाकार करून बेरीज घ्यायची. मधोमध शून्य लॅगवर टोक आणि दोन्हीकडे सरळ उतरत गेलेला तंबू. खाली तू लिहिलंयस, 'दोन्ही मालिका एकाच वेळी हलतात.' घाई झाली. हा तंबू मालिकांच्या हलण्याचा नाहीच, त्यांच्या सरासरीचा आहे. सगळे आकडे धन असले की गुणाकारांची बेरीज मोठीच येणार, आणि लॅग वाढेल तशा समोरासमोर येणाऱ्या जोड्या घटत जाणार. म्हणून तो उतार. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीचं एक्सकॉर (xcorr) फंक्शन वापरलंस ना? ते उत्तर उणे १ ते १ मध्ये बसवतं, पण सरासरी आपणहून वजा करत नाही. मीही यात फसलोय, तेही आलेख भर बैठकीत दाखवून झाल्यावर.

सरासरी वजा केलीस की लॅगच्या चिन्हाची, धन की ऋण याची, भानगड सुरू होईल. हजार यादृच्छिक आकड्यांची क्ष मालिका घे. तीच ५ नोंदी उशिरा सरकवून य बनव. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या कोरिलेटला (correlate) आधी क्ष, मग य दे आणि सगळे लॅग देणारा 'फुल' मोड लाव. उत्तरात शून्य लॅग ९९९ व्या इंडेक्सवर (क्रमांकावर, मोजणी शून्यापासून) असतो. शिखर मिळेल ९९४ वर, म्हणजे उणे ५ ला! य मागे आहे, तरी लॅग ऋण. आर या संख्याशास्त्राच्या भाषेतलं सीसीएफ (ccf) फंक्शनही असंच वागतं. नियम पाठ करू नकोस, दरवेळी ही दोन मिनिटांची चाचणी कर.

खरी मेख पुढे आहे. ४०० नोंदींसाठी १.९६ भागिले वर्गमूळ ४००, म्हणजे अधिक-उणे ०.०९८ वर योगायोगाची मर्यादा म्हणून तुटक रेषा काढतात. उणे ४० ते ४० असे ८१ लॅग पाहिलेस तर मालिकांचा संबंध नसला तरी चारेक काड्या (एकेका लॅगच्या उभ्या रेघा) निव्वळ योगायोगाने रेषेबाहेर जातील. शिवाय ही रेषा तेव्हाच चालते, जेव्हा निदान एका मालिकेला स्वतःची आठवण नसते, म्हणजे तिची आजची नोंद आधीच्या नोंदींवर अवलंबून नसते. १९२६ साली संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी एकूण लग्नांतलं चर्च ऑफ इंग्लंडमधल्या लग्नांचं प्रमाण आणि इंग्लंड-वेल्समधला मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ दाखवला होता. दोन्ही वर्षानुवर्षं घसरत होते, इतकंच. तुझ्या मालिकांनाही असाच चढता-उतरता कल आहे. आधी लगतच्या नोंदींचे फरक घे. तरी आठवण उरली तर क्षवर ऑटोरिग्रेशन (आधीच्या नोंदींवरून पुढची नोंद सांगणारं समीकरण) बसवून तेवढा भाग वजा कर, त्याच गाळणीतून य मालिकाही काढ आणि जे उरेल त्यांचं क्रॉस-कोरिलेशन पाहा. शिखर बहुधा बुटकं होईल. होऊ दे.

नवा आलेख पाठवताना बिंदू रेषेने जोडू नकोस, काड्याच ठेव. आणि अक्षावर नुसतं 'लॅग' नको. धन बाजूला कोण पुढे, तेही लिही.

तुझा,
जुना सहकारी