तापलेल्या इंजिनातील मिसिंग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी जुनी मारुती एस्टीम मातीच्या ट्रॅकवरील ऑटोक्रॉस शर्यतींसाठी तयार केली आहे. इंजिन १२९८ सीसीचे, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर (ठिणगीचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) असलेले आहे. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवले, वजनाचा तोल साधण्यासाठी बॅटरी डिकीत नेली आणि सुरक्षिततेसाठी बाहेरून बंद करता येणारा कट-ऑफ स्विच बसवला. सकाळी गाडी उत्तम पळते. दुपारी मात्र दहा-पंधरा मिनिटे जोरात चालवल्यावर ५००० आरपीएमच्या पुढे ती मिसिंग मारते (म्हणजे मधेमधे सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाही) आणि गचके देते. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा ठीक होते. प्लग, प्लगच्या वायरी आणि ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल नवीन टाकली, कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ केला, तरी फरक पडलेला नाही. दोष कुठे शोधावा?
— एक वाचक, धुळे

उत्तर : आपल्या पत्रात बॅटरी डिकीत नेल्याचा आणि कट-ऑफ स्विच बसवल्याचा उल्लेख आपण केलेल्या सुधारणांमध्ये आला आहे. माझा पहिला संशय मात्र तिथेच जातो. तो तपासण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी, की हा दोष इंजिन तापलेले, थ्रॉटल पूर्ण उघडलेला आणि आरपीएम वर गेलेले असतानाच प्रकट होतो. म्हणून गॅरेजच्या सावलीत, थंड इंजिनावर, प्लग काढून ठिणगी पाहिल्याने काहीच सिद्ध होत नाही. मोकळ्या हवेत ठिणगी सहज पडते, दाबाखालच्या सिलिंडरमध्ये तिला बरेच अधिक व्होल्टेज लागते, आणि आपण कॉम्प्रेशन वाढवल्यामुळे ही गरज आणखी वाढलेली आहे.

त्यात वेळेची टंचाई येते. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये १० मिलिसेकंद मिळतात. ६००० आरपीएमला हाच अवधी ५ मिलिसेकंद उरतो आणि तेवढ्यातच कॉइलला पुन्हा करंट भरून घ्यावा लागतो. तिसरी अडचण उष्णतेची. तांब्याच्या तारेचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे २५ अंशांची कॉइल १०० अंशांपर्यंत तापली तर तिचा रोध जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढलेला असतो. आपल्याकडे वैशाखात बॉनेटखाली हात घालणाऱ्याला हे तापमान वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी कॉइलपर्यंत पोहोचणारे व्होल्टेजही कमी असेल, तर ठिणगी वरच्या आरपीएमला प्रथम हार मानते.

व्होल्टेजची ही घट किती महागात पडते ते पाहा. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १३.८ व्होल्टऐवजी ११ व्होल्ट मिळाले, तर तेवढ्याच वेळात करंट सुमारे एक पंचमांशाने कमी भरतो, पण ठिणगीची ऊर्जा एक तृतीयांशाहून अधिक घटते. कॉइल कितीही नवी असली तरी ही तूट ती भरून काढू शकत नाही.

म्हणून पहिली तपासणी मल्टिमीटरने करावी. कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकापासून आणि इंजिन ब्लॉकपासून फ्यूज लावलेल्या दोन लांब वायरी केबिनमध्ये आणाव्यात, बंदिस्त, रिकाम्या मैदानात गाडी तापेपर्यंत चालवावी आणि शेजारी बसलेल्या सोबत्याने मिसिंगच्या क्षणी आकडा वाचावा. तो बॅटरीवरील व्होल्टेजपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक खाली नसावा. कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर असल्यास त्याच्या अलीकडचे टोक धरावे, कारण तो व्होल्टेज मुद्दामच उतरवतो. आकडा खाली गेलेला दिसला, तर इंजिन चालू आणि गरम असतानाच मीटरची दोन टोके कट-ऑफ स्विचच्या दोन बाजूंना लावावीत. निरोगी स्विचवर ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसता कामा नये. पुढे फ्यूज, इग्निशन स्विच आणि प्रत्येक जोड याच पद्धतीने तपासत जावे.

काही वर्षांपूर्वी जळगावच्या बाजूच्या एका गाडीवर मी स्वतः दोन दिवस कार्ब्युरेटरमागे घालवले होते. शेवटी स्विचच्या टर्मिनलवरची टोपी सरकवली तेव्हा खालचे प्लास्टिक तपकिरी पडलेले दिसले. केबलच्या टोकाचा लग (धातूची जोडकडी) साध्या पकडीने दाबून बसवलेला होता; थंड असताना तो करंट देत होता आणि तापला की ढिला पडत होता. तेव्हापासून वायरी पिळून वर टेप गुंडाळलेला जोड शर्यतीच्या गाडीत मी राहू देत नाही. क्रिम्पिंगच्या योग्य हत्याराने दाबलेला लगच लावावा आणि वायरीला जवळच आधार द्यावा, कारण मातीच्या ट्रॅकवरील हादरे उरलेले काम पूर्ण करतात.

अर्थिंगकडेही तेवढेच लक्ष हवे. बॅटरी डिकीत गेल्यावर परतीचा करंट गाडीच्या बॉडीतून येतो, आणि इंजिन तर रबरी माउंटिंगवर बसलेले असते. इंजिन ब्लॉकपासून बॉडीपर्यंत स्वतंत्र जाड केबल असावी आणि लगखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केलेला असावा. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि ब्लॉक यांत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थिंग कमजोर आहे असे समजावे.

व्होल्टेज शेवटपर्यंत ठीक राहिले, तर आरपीएमच्या काट्याकडे पाहावे. गाडी गचके देताना काटा अचानक शून्याकडे झेपावत असेल, तर कॉइलचा प्राथमिक करंटच तुटतो आहे, आणि मग डिस्ट्रिब्युटरमधील पिकअप (ठिणगीची वेळ टिपणारा सेन्सर) किंवा इग्निशन मॉड्यूल (त्या इशाऱ्यावर कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) यांचा संशय घ्यावा. तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर चालू होणे ही मॉड्यूलची जुनीच खोड आहे. त्याच्या तळाशी उष्णता वाहून नेणारी पेस्ट आहे की नाही, हे अवश्य पाहावे. काटा स्थिर असूनही मिसिंग होत असेल, तर दोष कॉइलच्या पुढे आहे किंवा पेट्रोलमध्ये आहे. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून उजेडात पाहावी. पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेषा दिसल्या, तर त्या वाटेने करंट गळतो आहे. काळ्या मातीची धूळ आणि ओलावा एकत्र आले की अशा रेषा पडतात. त्या घासून काढण्यापेक्षा कॅप आणि रोटर बदलणेच योग्य.

पेट्रोलची शंका दूर करण्याची रीत लळिंगच्या घाटात जुन्या गाड्या चढवणाऱ्या ड्रायव्हरांना पाठ होती. गाडी घुटमळू लागली, की सुरक्षित जागी थांबून पेट्रोल पंपावर ओला फडका ठेवायचा. त्याने लगेच फरक पडला, तर पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटत होता, आणि पाइप एक्झॉस्टपासून दूर नेणे हा त्यावरचा उपाय.

तोपर्यंत प्लगची गॅप १ मिलिमीटर असल्यास ती ०.८ करून पाहावी. मिसिंग कमी झाली, तर ठिणगी कमजोर असल्याचा तो पुरावा आहे. मूळ कारण मात्र त्यानंतरही शोधावेच लागेल. चालू इंजिनावर प्लगची वायर ओढून करंट पाहण्याची सवय कोणाला असेल, तर ती सोडावी. त्यात जिवाला धोका आहे आणि कॉइलचे आतले इन्सुलेशनही फाटते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या स्पर्धेच्या गाडीत एक सिलिंडरचे, ईसीयूवर (इंजिनाच्या संगणकावर) चालणारे इंजिन आहे. प्लग बदलल्यापासून आरपीएमचा आकडा उड्या मारतो आणि मधेच ठिणगी जाते. प्लग सदोष असेल का?
— एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : नवा प्लग रेझिस्टर असलेला आहे का, हे पाहावे, एनजीकेच्या अनेक प्लगांच्या क्रमांकात त्यासाठी आर हे अक्षर असते. आत सुमारे ५ किलोओहमचा रोध नसेल, तर ठिणगीचा विद्युत गोंगाट क्रँक सेन्सरच्या, म्हणजे क्रँकवरील चाकाचे दात मोजून आरपीएम कळवणाऱ्या सेन्सरच्या, वायरीत शिरतो आणि ईसीयू त्यालाच दात समजून मोजते. सेन्सरची वायर जाळीचे आवरण असलेली घ्यावी, ते आवरण एकाच टोकाला अर्थ करावे आणि ती प्लगच्या वायरीपासून दूर न्यावी. दोन्ही एकाच पट्टीने बांधलेल्या असतील, तर ती पट्टी आजच कापावी. प्लग बदलताना उष्णता श्रेणीही, म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो हेही, जुळवावी. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग अधिक थंड होतो, बॉशचा वाढला की अधिक गरम. दोन कंपन्यांचे आकडे थेट जुळवले, तर चुकीचा प्लग हाती येतो.