लिहिणं थांबलं असेल, तर दुसऱ्याच्या लिखाणाला मदत केल्याने ते परत सुरू होतं का?

होतं, पण उशिरा. आणि मनात सारखा स्वतःच्या कथेचा हिशोब ठेवून मदत केली, तर बहुधा होत नाही. तुम्ही लिहिलंय की बऱ्याच दिवसांत कथा सुचलेली नाही, वही उघडली की वैताग येतो, आणि मित्र म्हणतो, ‘नव्या लोकांचं वाच, त्यांना हातभार लाव.’ मित्राचं ऐका, एवढंच सांगेन.

मी धुळ्याचा, म्हणून आधी गावातलंच सांगतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. फेब्रुवारी ते जून, अठरा रविवार. अमळनेरची मास्तरकी सोडून चळवळीत आलेले साने गुरुजी तिथेच कैदेत होते. ते हे सगळं उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती त्यांच्यामुळे. पुढच्याच वर्षी, १९३३च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ अवघ्या काही दिवसांत लिहून काढली. एकामुळे दुसरं झालं असा दावा मी करत नाही, आठवणी त्यांच्या स्वतःच्याच होत्या. पण ज्याने इतके रविवार दुसऱ्याचं बोलणं कागदावर उतरवलं, त्याचं पुस्तक समोर बसून सांगितल्यासारखं वाटतं, याचं मला नवल वाटत नाही.

दुसरी बाजूही बघा. जळगावचे सोपानदेव चौधरी स्वतः चांगले कवी. आईच्या ओव्या त्यांनी आणि त्यांच्या मावसभावाने टिपून ठेवल्या, बहिणाबाई १९५१मध्ये गेल्यावर त्या अत्र्यांना दाखवल्या, आणि १९५२मध्ये पुस्तक आलं. आज सोपानदेवांना बहुतेक लोक बहिणाबाईंचा मुलगा म्हणूनच ओळखतात. या वाटेने जायचं तर ही तयारी हवी.

माझ्यापुरतं म्हणाल, तर आमच्या कॉलनीतल्या एका रिटायर कंडक्टरकाकांनी अहिराणीत आठवणी लिहिल्या होत्या, जुन्या रजिस्टरात, पेन्सिलीने. त्या टाइप करून द्यायचं मी कबूल केलं. मोबाइल प्रत्येक शब्द ‘सुधारायचा’, मी परत तो काकांचा करायचो. त्यामुळे कामाचा वेग इतका मंद झाला की प्रत्येक वाक्याशी थांबावंच लागलं. तेव्हा दिसलं की ‘वाईट वाटलं’ असं काका कुठेच लिहीत नाहीत. चोपड्याच्या गाडीत चढलेली बाई कुठलं तिकीट मागते, कुठे उतरते, उतरताना पिशवी कोणाच्या हातात देते, एवढंच सांगतात. माझ्या कथांत मात्र सगळी माणसं आपापल्या भावना समजावून सांगत बसलेली असायची. टाइप झालेलं मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचो. मध्येच म्हणायचे, “अस कोन बोलस रे भाऊ?” स्वतःच्याच वाक्याला! आणि खोडायला लावायचे. एवढ्या निर्दयपणे मी माझं एकही पान खोडलेलं नव्हतं. रजिस्टर संपायच्या आत माझी एक जुनी, अर्धवट पडलेली कथा मी परत काढली आणि तिची पहिली दोन पानं फाडली. कथा तिसऱ्या पानापासून सुरू होत होती.

तेव्हा मदत म्हणजे प्रकाशन समारंभाला जाऊन शाल-श्रीफळाच्या फोटोत उभं राहणं नव्हे (तेही करा, खान्देशात ते चुकत नाही). कोणा एकाचंच लिखाण घ्या आणि शेवटपर्यंत न्या. शुद्धलेखन तपासा, स्वच्छ प्रत करून द्या, मोठ्याने वाचा. वाचताना कुठे अडखळलात, कुठे कंटाळलात ते सांगा. पण त्याच्या वाक्याच्या जागी तुमचं वाक्य घालू नका, आणि अहिराणी किंवा लेवा बोलीतलं असेल तर पुस्तकी मराठीत ‘नीट’ करून देऊ नका. न लिहिणाऱ्या लेखकाला ही फार खाज असते.

आणि एकाच वेळी चार-पाच जणांची हस्तलिखितं मागून घेऊ नका. सगळ्यांच्या वह्या घरी पडून राहतात, लोक फोन करतात, आपण उचलत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या माणसाला सरळ सांगा, आत्ता एक काम हातात आहे, दिवाळीनंतर द्या.