वणव्यानंतरची टेकडी: दुकानात जाऊ नका, नरवाई वर न्या

इंदूरजवळच्या चोरल, मानपूर आणि महूच्या पट्ट्यातून या उन्हाळ्यात एकाच अर्थाचे बरेच प्रश्न आले. वरची टेकडी जळाली, पायथ्याला आमची शेतं आहेत, नाला पुढे नदीला मिळतो. आता काय टाकू, काय फवारू? उत्तर आधीच देतो: विकत घेऊन काहीही टाकू नका. इंदूरला पाऊस साधारण जूनच्या मध्यानंतर धरतो. तोवरचे दिवस कामाचे आहेत, खरेदीचे नाहीत.

दुकानदार म्हणतो, राखेत पोटॅश असतं, वरून युरिया मारला की गवत झपाट्याने उठेल.

राखेत पोटॅश आणि चुना असतो, एवढंच खरं. आपली काळी जमीन आधीच अल्कधर्मी आणि राखही तशीच. अशा थरावर युरिया फेकला तर नत्राचा मोठा भाग अमोनिया होऊन उडून जातो आणि उरलेला पहिल्या सरीत नाल्यात उतरतो. म्हणजे तुमचे पैसे गेले आणि खालच्या गावाचं पाणी खराब झालं. ह्युमिकच्या बाटल्या, पाणी धरणारी जेल, माती बांधणारं द्रावण हे सगळं उतारावर टाकायला कोणी सांगत असेल तर तिथून उठून या. जळालेल्या टेकडीला खताची भूक नसते. तिच्या अंगावरचं पांघरूण गेलेलं असतं.

नुकसान कसं होतं ते समजून घ्या. पालापाचोळा जोरात जळतो तेव्हा त्यातला मेणचट अंश वाफ होऊन मातीत शिरतो आणि बोट-दोन बोटं खाली थिजतो. राख बाजूला करून खालच्या मातीवर पाण्याचे चार थेंब टाका. मिनिटभर ते मण्यांसारखे तसेच बसले, तर पाऊसही तिथे मुरणार नाही. तो माती घेऊन तुमच्या बांधावर येईल. ही परीक्षा टेकडीवर आठ-दहा ठिकाणी करा. जिथे पाणी मुरत नाही तिथे आधी हात लावायचा.

मग नेमकं करायचं काय?

नरवाई वर न्या. हार्वेस्टरने गहू काढल्यावर शेतात उभी राहते ती नरवाई, जी तुमच्यातले काहीजण काडी लावून मोकळे होतात. टेकडीला आज तिचीच गरज आहे. आणि जंगलातली आग पुष्कळदा त्याच काडीने लागते, हेही इथेच सांगतो.

प्रमाण पाळा. एकरी 8 ते 10 क्विंटल, हेक्टरी 20 ते 25. पसरल्यावर मधूनमधून माती दिसली पाहिजे, तीस टक्के तरी. जास्त टाकलं तर जास्त फायदा, हा हिशेब इथे चालत नाही. वीतभर थर घातला की खालचे कोंब गुदमरतात आणि तो ढीग पुढच्या वर्षी वणव्याला सरपण होतो. पुन्हा सांगतो, पातळ पसरा. भुसा नको, तो माळव्याच्या वाऱ्यात उडून जाईल. लांब काडीच हवी. ज्या शेतात गाजरगवत होतं तिथली काडी टेकडीवर न्यायची नाही.

वेळही पाळा. मेच्या लू मध्ये पसरू नका. काडी पायथ्याशी गोळा करून झाकून ठेवा आणि वळवाचा शिडकावा झाला की दोन दिवसांत पसरा. वरून अर्धवट जळालेली घाणेरी, झुडपांच्या फांद्या आडव्या टाका. घाणेरी मुळासकट उपटून वाळवूनच वापरा. ओली टाकली तर तीच तिथे रुजेल.

फांद्यांचे आडवे बांध समपातळीत घाला. ए-आकाराची लाकडी चौकट आणि ओळंबा घेऊन दोन माणसं दिवसभरात एक उतार आखतात, त्याला इंजिनिअर लागत नाही. नाल्यात दगडांचे सैल बांध घाला. उंची मीटरच्या आत, मधला भाग दोन्ही कडांपेक्षा खाली ठेवा, म्हणजे पाणी मधून जाईल, काठ कापणार नाही. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत आला की अंतर बरोबर. दगड नाल्यातलेच घ्या, उतारावरचे उचकटू नका. आणि सुरुवात नेहमी माथ्याकडून. खाली मोठा स्टॉप डॅम बांधून वर टेकडी उघडी ठेवली, तर तो पहिल्याच पावसाळ्यात गाळाने भरतो. असे भरलेले डॅम मी फार पाहिले आहेत.

जेसीबी लावून चर काढून देतो म्हणतात. काढू का?

नाही. तीव्र उतारावर, नुकत्याच जळालेल्या पातळ मुरमाड मातीत जेसीबी चढवणं म्हणजे उरलेली मातीही सैल करून देणं. चर फक्त मध्यम उतारावर, तुटक, हाताने. तेही पावसाआधी संपणार असतील तरच. अर्धवट राहिलेला चर पाणी एका जागी आणून ओघळ पाडतो. पाऊस सुरू झाल्यावर कुदळ खाली ठेवा.

रोपं किती लावू?

यंदा एकही नको. नर्सरीवाला निलगिरी आणि सुबाभूळ घेऊन येईल, त्याला परत पाठवा. साग, पळस, तेंदू, धावडा वरून काळे पडले तरी बुंध्यातून, मुळातून फुटतात. पावसाळाभर थांबा, काय फुटलं ते पाहा, रिकाम्या जागा पुढच्या वर्षी भरा. गवताचं बी टाकायचं तर पवन्या, मारवेल अशी इथलीच गवतं, आणि पहिला दमदार पाऊस झाल्यावर. आधी टाकलेलं बी मुंग्या नेतात.

दोन पावसाळे चराईबंदी. एवढं जमणार नसेल तर वरचं सगळं काम वाया जाईल. गवत कापून घरी नेऊन घाला, गुरं वर सोडू नका.

जमीन वनखात्याची आहे, आम्ही हात कसा लावायचा?

वनसमितीत ठराव करा, रेंज ऑफिसला द्या, नाकेदाराला, म्हणजे वनरक्षकाला, बरोबर घ्या. परवानगीशिवाय एक फांदीही तोडू नका. वरच्या पाड्यातल्या भिल्ल-बारेला कुटुंबांना पहिल्या बैठकीला बोलवा, काम ठरल्यावर नव्हे. मोहफुलं वेचायला खालचा पाला जाळतात, त्यातूनही आग पसरते. त्यावर दम देऊन उपयोग नाही, झाडाखाली जाळी अंथरायला मिळाली तर पाला जाळायची गरजच उरत नाही. झाबुआत भिल्लांची हलम्याची रीत आहे. हाक आली की अवघा समाज मजुरी न घेता येतो, आणि हाथीपावा टेकडीवर त्यांनी अशाच श्रमदानातून चर खोदले आहेत. आपल्या आजोबांच्या काळी इर्जिक घालत, तेच हे. नरवाई, ट्रॉली आणि जेवण पायथ्याच्या शेतकऱ्यांनी द्यावं, मेहनत सगळ्यांनी मिळून करावी.

शेतातल्या सोयाबीनचं काय?

किमान 100 मिमी, म्हणजे चार इंच पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. इंदूरच्या खंडवा रोडवरची सोयाबीन संशोधन संस्था दरवर्षी हेच सांगते. पेरणी उताराला आडवी, रुंद सरी-वरंब्यावर. राख वाहून आली म्हणून खताचा डोस वाढवू नका आणि दुकानदाराने सांगितला म्हणून तर नकोच. माती तपासायची असेल तर राखेचा थर बाजूला सारून नमुना घ्या. पहिल्या पावसाचं काळं पाणी विहिरीत, शेततळ्यात शिरू देऊ नका आणि गुरांनाही पाजू नका.

योजनांचं थोडक्यात: राज्याचं जलगंगा संवर्धन अभियान आणि केंद्राच्या सिंचाई योजनेतला पाणलोट घटक, दोन्हींसाठी ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन जनपद पंचायतीत विचारा. नरवाई जाळल्यास दोन एकरांपर्यंत 2500, दोन ते पाचपर्यंत 5000 आणि त्यावर 15000 रुपये दंड आहे. 1 मे 2025 पासून जाळणाऱ्याचा मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभही बंद करण्याचा राज्याचा निर्णय आहे.

निधीची वाट पाहत काम थांबवू नका. निधीची मंजुरी पावसाळ्यानंतर आली तरी चालेल, काडी मात्र त्याआधीच वर गेली पाहिजे.