एकतीस डिसेंबर, समुद्रकिनारा आणि फटाके: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आजी-आजोबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे सहा जण ३१ डिसेंबरला पुण्याहून अलिबागला जाणार आहोत. रात्री बाराची आतषबाजी वाळूवर बसून बघायची आहे. दिवस कसा आखावा?

उत्तर: खोली शोधण्याआधी पंचांग उघडा. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला भरती. त्यानंतर साधारण सहा तास बारा मिनिटांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास. द्वादशीला बारा पाऊणे नऊ. कोकणात हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालतो. पाऊण-एक तासाचा फरक पडतो, म्हणून भरतीचं छापील वेळापत्रकही बघा.

अमावास्या किंवा पौर्णिमा आली तर मात्र सावध राहा. भरती मध्यरात्रीच्या आसपास येते आणि ती उधाणाची असते. संध्याकाळी पन्नास पावलं रुंद वाटलेली वाळू बारा वाजता उरतच नाही. बसायची जागा उजेडातच ठरवा. वाळलेलं शेवाळ, शिंपले आणि प्लॅस्टिकचे तुकडे एका रेषेत पडलेले दिसतील, ती भरतीची रेघ. तिच्या वर निदान दहा पावलं चटई घाला. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय वाळूत रुततात आणि आजी मागे कलंडतात. खुर्चीखाली फळी ठेवा. दव पडतं, तेव्हा कानटोपी आणि शाल हवीच.

अलिबागसमोर समुद्रात असलेला कुलाबा किल्ला चालत बघायचा तर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पूर्ण ओहोटीनंतर अर्धा तास होताच परत फिरा. पाणी समोरून येत नाही, दोन्ही बाजूंनी मागची वाट भरत आणतं, म्हणून ते उशिरा लक्षात येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची ओहोटी असते, पाणी पुरतं हटत नाही. तेव्हा आजी-आजोबांना होडीनेच न्या.

गाडी वाळूत घालू नका. बारानंतर सगळे एकदम निघतात आणि गावातला एकच रस्ता तुंबतो. मुक्काम चालत पोहोचता येईल इतका जवळ घ्या.

प्रश्न: आमचे थोडे फटाके वाळूवर उडवले तर चालतील ना? वाळू पेट घेत नाही.

उत्तर: वाळू पेटत नाही, पण तापलेली वस्तू लपवते. किनाऱ्यावर मुलांचे तळवे भाजतात ते बहुतेक याचमुळे: विझलेली फुलबाजी कुणीतरी वाळूत खुपसतो आणि दुसरं मूल अनवाणी तिच्यावर पाय देतं. पेटती फुलबाजी हजार अंशांच्या आसपास तापते, विझल्यावरही तिची तार बराच वेळ चटका देते. पाण्याची बादली शेजारी ठेवा, प्रत्येक तार तिच्यातच पडली पाहिजे.

भुईचक्र वाळूत फिरत नाही, जागीच रुतून ठिणग्या एका बाजूला फेकतं. त्याला प्लायवूडचा तुकडा किंवा फरशी हवी. रॉकेटची बाटली भुसभुशीत वाळूत कलते, मग रॉकेट आडवं सुटतं. ओल्या वाळूत ती दोन तृतीयांश पुरा. खाऱ्या हवेने वात सर्दावते, तेव्हा फटाके हवाबंद डब्यात न्या. फुसका निघालेला पुन्हा पेटवू नका. वीस मिनिटं थांबून त्यावर पाणी ओता.

वारा बघा. संध्याकाळी खारा वारा समुद्राकडून येतो आणि ठिणग्या सुरूच्या बनात, वाळक्या झावळ्यांवर नेतो. रात्र चढली की मतलई वारा सुटतो, मग धूर समुद्रावर जातो. मध्यरात्र म्हणूनच बरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नववर्षासाठी दिलेली वेळही रात्री ११:५५ ते १२:३० हीच आहे. फटाके हरितच घ्या, खोक्यावर नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेचं चिन्ह आणि क्यूआर कोड बघा. स्थानिक आदेश याहून कडक असू शकतो, म्हणून पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

प्रश्न: भाजलं तर लगेच काय करावं?

उत्तर: अंगठी, बांगडी ताबडतोब काढा, सूज आल्यावर निघत नाही. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं पाणी वाहतं ठेवा. किनाऱ्यावर नळ जवळ नसतो, त्यासाठी वीस लिटरचा एक कॅन गाडीत न ठेवता चटईजवळच ठेवा. समुद्राच्या पाण्यात वाळू असते, ते नको. हळद, टूथपेस्ट, बर्फही नको. चेहरा, डोळा, हात किंवा तळवा भाजला असेल तर थेट दवाखाना.

प्रश्न: गर्दी नको म्हणून वेळास किंवा दिवेआगरला जावं का?

उत्तर: जरूर जा, पण तिथल्या वाळूवर फटाके नकोत. ऑलिव्ह रिडले कासवांचा विणीचा हंगाम तेव्हा सुरू असतो. मादी रात्री अंधारात वर येते आणि शंभरेक अंडी घालून परतते. उजेड आणि आवाज असला तर ती अर्ध्यातूनच पाण्याकडे वळते. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, त्यांना गॅसबत्ती आणि समुद्रावरची चमक यांतला फरक कळत नाही. फटाके गावातल्या मैदानात उडवा, किनाऱ्यावर नुसतं चांदणं बघा. वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा रुंद माग पाण्यापासून वर गेलेला दिसला तर तो तुडवू नका. टॉर्च विझवा आणि गावातल्या कासवमित्रांना किंवा वनखात्याला कळवा.