मोबिलिटी स्कूटरच्या हँडलला कडी-कोयंडा

ज्येष्ठ आणि दिव्यांग मंडळी वापरतात त्या बॅटरीवरच्या तीन-चार चाकी मोबिलिटी स्कूटरला बहुतेक वेळा कारखान्यातून हँडल लॉक येत नाही. किल्ली काढली की झालं, असं गृहीत धरलेलं असतं. ते पुरेसं नाही, हे आलेल्या प्रश्नांवरून दिसतंच.

प्रश्न : मी किल्ली काढून घरी नेते, तरी सोसायटीतली मुलं स्कूटर ढकलत पार्किंगभर फिरवतात. ब्रेक बिघडलाय का? (डोंबिवली)

ब्रेक ठणठणीत असणार. किल्ली काढली की मोटरवरचा इलेक्ट्रोमॅग्नेटिक ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर चाकं धरून ठेवतो. पण बॅटरी संपली तर गाडी ढकलता यावी म्हणून मागच्या चाकाजवळ एक लिव्हर दिलेला असतो, बहुधा पिवळा किंवा लाल. तो फ्रीव्हीलचा लिव्हर. तो पाडला की ब्रेक सुटतो आणि गाडी हातगाडीसारखी चालते. मुलांना नेमकं तेच सापडलंय. हे निव्वळ खोडीवर थांबत नाही. लिव्हर पडलेला राहिला आणि पार्किंगला उतार असला तर गाडी आपोआप घरंगळते.

या लिव्हरला पक्कं कुलूप घालू नका. रस्त्यात गाडी बंद पडली आणि कुलपाची किल्ली घरी राहिली तर तुम्ही तिथेच अडकाल. लिव्हर ‘ड्राइव्ह’ (ब्रेक लागलेल्या) स्थितीत ठेवून त्याला अडीच मिलिमीटरची प्लास्टिकची केबल टाय बांधा. मुलांच्या हाताने ती सहज तुटत नाही, आणि अडचणीत कुणाच्याही कात्रीने कापता येते. दोन-चार टाय सीटखाली ठेवून द्या. चोराला मात्र टाय अडवणार नाही, त्यासाठी हँडल बांधायला हवं.

प्रश्न : फॅब्रिकेटरकडून साधं हँडल लॉक करून घ्यायचं आहे. त्याला नेमकं काय सांगू? (सांगली)

आपल्या दाराचा कडी-कोयंडा डोळ्यांसमोर आणा. एक पट्टी न फिरणाऱ्या भागावर, म्हणजे चेसीच्या पुढच्या उभ्या नळीवर. दुसरी फिरणाऱ्या भागावर, म्हणजे हँडलच्या दांड्याच्या तळाशी असलेल्या ब्रॅकेटवर. हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की दोन्ही पट्ट्यांची भोकं एकावर एक येतात आणि त्यातून कुलूप जातं. हँडल सरळ ठेवून लॉक केलं तर फ्रीव्हीलवर गाडी सरळ ढकलत नेता येते. पूर्ण वळवलेलं असलं तर ती जागच्या जागी गोल फिरते.

कोणत्या बाजूला वळवायचं, हे आधी ठरवा. हँडल डावीकडे वळवलं की त्याची डावी मूठ सीटकडे येते आणि डावीकडून चढायची वाट अडवते. म्हणून डावीकडून चढत असाल तर लॉक उजव्या वळणावर करा, उजवीकडून चढत असाल तर डाव्या.

पट्टी ५ मिमी जाडीची माइल्ड स्टीलची घ्या. २ मिमीचा पत्रा चालत नाही, आणि त्याचं कारण तरफेचं आहे. मूठ दांड्याच्या मध्यापासून साधारण २८ सेंमीवर आणि भोक ७ सेंमीवर असेल, तर मुठीवर लावलेला जोर भोकाशी चौपट होतो. कुणी ३० किलोचा हिसका दिला तर पट्टीवर १२० किलो येतात. ८ मिमीच्या कडीचं कुलूप ते सोसतं, पत्रा मात्र वाकतो.

स्कूटरवर थेट वेल्डिंग करू देऊ नका. वेल्डिंगचा करंट चेसीतून कंट्रोलरपर्यंत, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागापर्यंत, पोचला तर हजारोंचा भाग जळतो. नळीवरची पट्टी वर्कशॉपमध्ये वेगळ्या दोन-तुकडी क्लॅम्पवर वेल्ड करून घ्यायची आणि तो क्लॅम्प एम-८च्या बोल्टने नळीवर आवळायचा. एक गोष्ट इथे हमखास चुकते. गोल नळीवरचा क्लॅम्प फक्त घर्षणावर उभा असतो, जोराचा हिसका बसला की कुलपासकट फिरतो. म्हणून क्लॅम्पला दोन कान काढायला सांगा, जे चेसीच्या खाली उतरणाऱ्या नळीला दोन्ही बाजूंनी टेकतील. मग तो फिरूच शकत नाही, आणि चेसीला भोकही पाडावं लागत नाही.

वरची, फिरणारी पट्टी दांड्याच्या ब्रॅकेटवर असलेल्या बोल्टखालीच बसवता येते. नवा बोल्ट मूळ बोल्टपेक्षा पट्टीच्या जाडीइतका जास्त लांब घ्या, पण ग्रेड (मजबुतीचा आकडा) मूळ बोल्टचीच, निदान ८.८. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) नवीन घाला, एकदा काढलेला पुन्हा वापरू नका. हे हँडलचे बोल्ट आहेत, इथे काटकसर नको.

भोक पाडताना हँडल शेवटच्या अडथळ्यापर्यंत नेऊन किंचित मागे घ्या, भोकाशी मोजलं तर ५ मिमी. दोन्ही पट्ट्या एकत्र चिमट्यात धरून आधी ३, मग ६, मग १० मिमीचं ड्रिल चालवा. ८ची कडी १०च्या भोकात सहज जाते. मुठीशी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर हालचाल राहील, ती राहू द्या. घट्ट भोक केलं तर रोज कुलूप घालताना झटापट होते.

शेवटी तपासणी. कुलूप काढून हँडल दहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, दांडा पुढे-मागे झुकवण्याच्या प्रत्येक खाचेत. दोन पट्ट्या एकमेकींवर येतात ती जागा सोडली, तर पट्टी इतर कशाच्याही ६ मिमीपेक्षा जवळ येता कामा नये. दांड्यातून खाली जाणारी वायर बोटाने चाचपून बघा. पट्टीची धार तिला घासत असेल तर महिन्या-दोन महिन्यांत आतली तार उघडी पडते आणि स्कूटर अधूनमधून बंद पडू लागते. मग मेकॅनिक बॅटरीत दोष शोधत बसतो!

प्रश्न : वेल्डरने कुलपाऐवजी दाराचा टॉवर बोल्ट लावून दिलाय. सोयीचा वाटतो. चालेल ना? (नाशिक)

आजच काढा. खड्ड्यातून जाताना तो बोल्ट हादऱ्याने घसरून भोकात पडला तर भर रस्त्यात हँडल अडकेल. स्प्रिंगवर चालणारी किंवा आपल्या वजनाने खाली पडणारी कोणतीही खिट्टी हँडलला नको. हाताने घातल्याशिवाय जे आत जाऊच शकत नाही तेच लावायचं. मोकळं कुलूपही दांड्याला लटकवून फिरू नका, ते पट्ट्यांच्या मध्ये अडकतं. बास्केटमध्ये टाका.

प्रश्न : आईला संधिवात आहे. तिला वाकता येत नाही आणि छोटी किल्ली फिरवता येत नाही. (ठाणे)

मग खालचा कडी-कोयंडा तिच्यासाठी नाही. हँडल वळवून १०-१२ मिमी जाडीच्या केबल लॉकने दांडा सीटच्या खांबाला बांधा. आर्मरेस्टला नको, बऱ्याच मॉडेलमध्ये ती नॉब सैल केला की निघते. सीटसुद्धा लिव्हर ओढून उचलता येते, तेव्हा केबलचा वेढा सीटखालच्या, चेसीला जोडलेल्या भागाला हवा. किल्लीच्या डोक्याला बोटभर लांबीचा लाकडी तुकडा आरपार बसवून घ्या, म्हणजे चिमटीऐवजी पूर्ण मुठीने फिरवता येते. आकड्यांच्या कुलपाच्या बारीक चकत्या अशा हातांना किल्लीहून अवघड जातात.

प्रश्न : वडील लॉक काढायला विसरले, स्कूटर गर्रकन फिरली. पडले नाहीत, पण घाबरले. (पुणे)

हाच या लॉकचा खरा धोका आहे. तीनचाकी असेल तर ती वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलंडूही शकते. दोन सवयी लावा. कुलूप घातलं की लाल कापडाची रुंद पट्टी कुलपापासून वेगाच्या लिव्हरपर्यंत बांधायची, म्हणजे ती सोडल्याशिवाय लिव्हरवर बोटं जाणारच नाहीत. दुसरी, गाडी उभी करताना वेगाची चकती कासवाच्या चित्राकडे फिरवून ठेवायची. विसर पडलाच तरी गाडी रांगत वळेल. सशाच्या चित्रावर, म्हणजे जास्त वेगावर, ठेवलेली चकती आणि अडकलेलं हँडल ही जोडी वाईट.

प्रश्न : माझी साइड व्हील लावलेली अ‍ॅक्टिव्हा आहे. कंपनीचं हँडल लॉक पुरेल का? (कोल्हापूर)

एकटं पुरणार नाही. साइड स्टँडवरची दुचाकी हिसका दिला की डगमगते, त्यामुळे चोराचा जोर वाया जातो. साइड व्हीलवरची गाडी मात्र घट्ट उभी असते आणि सगळा जोर लॉकच्या आतल्या खिट्टीवर जातो. पुढच्या चाकात साखळी घालून ती खांबाला बांधा. तोच सल्ला मोबिलिटी स्कूटरलाही. घडीचं हलकं मॉडेल दोघे जण उचलून टेम्पोत टाकतात, तिथे हँडल कितीही वळवलेलं असो.

प्रश्न : पावसाळ्यात कुलूप गंजून बसतं. (रत्नागिरी)

पितळी अंगाचं कुलूप घ्या आणि किल्लीचं भोक जमिनीकडे राहील असं लावा. वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ओढून घ्या. आत ग्रॅफाइटची पूड टाका. शिलाई मशीनचं तेल धूळ धरतं आणि दोन महिन्यांत त्याचा चिखल होतो. ड्रिल केलेल्या भोकांच्या कडांना रेड ऑक्साइड मारायचं राहिलं असेल तर तेही उरकून घ्या. गंज तिथूनच सुरू होतो.